खांदे, गुडघे आणि आठवड्याचा हिशेब : एका रग्बी संघाच्या पावसाळी नोंदी

२९ मे २०२५, गुरुवार

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत आला, दोन आठवड्यांहून अधिक लवकर. आमच्या कोच सरांचा लगेच मेसेज : मैदान मऊ झालंय, मंगळवारपासून सुरू. मुंबईत रग्बी हा पावसातलाच खेळ. हिवाळ्यात या मैदानांवर क्रिकेटच्या खेळपट्ट्या असतात, त्यामुळे माती भिजली की मगच ती आमच्या वाट्याला येतात.

फिजिओ म्हणून या संघाबरोबर मी पूर्वीपासून आहे, पण मोसम संपल्यावर हाती दरवेळी एकच वाक्य उरतं : ‘यंदा खांदे फार गेले.’ कोणाचे, कधी, कशाने, हे विचारलं तर प्रत्येकाची गोष्ट वेगळी. म्हणून हा प्रकल्प. जून ते सप्टेंबर प्रत्येक खेळाडू किती वेळ खेळला, त्याला ते किती जड गेलं आणि त्याचं काय दुखलं, हे एका शीटमध्ये लिहायचं. निधी नाही, जीपीएसचे पट्टे नाहीत. शीट, फोन आणि सरांची शिट्टी.

कोणालाही खेळायचे पैसे मिळत नाहीत. कॉलेजची पोरं, जेवण पोचवणारे, भिवंडीच्या गोदामात काम करणारा एक प्रॉप (पुढच्या फळीत ढकलणारा खेळाडू), बँकेतले दोघे, एक वकील. शीटमध्ये नावं नाहीत, इथेही नसतील. जागेवरून किंवा जर्सीच्या नंबरावरून ओळख पुरे.

३ जून, मंगळवार

पहिला वाद सरावाआधीच : दुखापत कशाला म्हणायचं?

रग्बीत यावर २००७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एक मत ठरवलं. दुखण्यामुळे पुढच्या दिवसापासून सरावात किंवा सामन्यात पूर्ण भाग घेता आला नाही, तर ती ‘वेळ गेलेली’ दुखापत. मग किती दिवस गेले त्यावर पायऱ्या : २-३ दिवस, ४-७, ८-२८, आणि २८ च्या वर म्हणजे गंभीर. व्यावसायिक संघाला हे सोयीचं, कारण तिथे रोज सराव असतो आणि कोण आला नाही ते रोज दिसतं. आमच्याकडे शनिवारी सामना झाला की पुढची हजेरी मंगळवारी. रविवारभर कठडा धरून जिना उतरणारा मंगळवारी पट्टी बांधून उभा असतो. त्याची दुखापत त्या व्याख्येत बसतच नाही.

म्हणून दोन रकाने केले. एक ‘वेळ गेली’, दुसरा ‘दुखतंय पण खेळतोय’. दुसऱ्यासाठी ऑस्लोच्या संशोधकांची चार प्रश्नांची प्रश्नावली आठवड्यातून एकदा : खेळताना अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, खेळावर परिणाम झाला का, आणि दुखणं किती. चौघांनी आजच विचारलं, ‘ताई, हे लिहिलं तर टीममधून काढणार का?’ शीट सर पाहणार नाहीत असं मी सांगितलं. सरही तयार झाले, जरा नाखुशीनेच.

५ जून, गुरुवार

भार मोजायची पद्धत अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांची. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, ‘० ते १० मध्ये किती जड गेलं?’ त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं आणि आकडा ६, तर ५४०. याला एकक नाही, नुसता आकडा. दिसायला बाळबोध, पण महागड्या यंत्रांच्या जोडीने मोठे संघ आजही हे विचारतात, कारण यंत्राला अंतर कळतं, माणूस किती दमला ते कळत नाही.

अर्ध्या तासाने आमची पोरं चर्चगेटला गाडीत असतात. म्हणून व्हॉट्सॲपवर पोल टाकला. ० ते १० म्हणजे अकरा पर्याय, पोलमध्ये बारा मावतात. पायऱ्यांची नावं पोरांनीच ठरवली : ३ म्हणजे ‘गप्पा मारत होतो’, ५ ‘दम लागला’, ७ ‘पाणी द्या’, ९ ‘वाट लागली’. १० कोणी घ्यायला तयार नाही, ती म्हणे कबुली होईल.

१० जून, मंगळवार

पोल बंद. कोणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं. कॅप्टनने ५ दिला की पाठोपाठ सगळे पाच. आजपासून प्रत्येकाला वेगळा फॉर्म. आकडे लगेच पसरले, ३ पासून ८ पर्यंत.

१२ जून, गुरुवार

वॉर्म-अपसाठी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा ‘ॲक्टिव्हेट’ कार्यक्रम घेतलाय. तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, मानेची ताकद, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू. इंग्लंडमधल्या शाळांवरचा त्याचा अभ्यास २०१७ चा. आठवड्यातून तीनदा करणाऱ्या संघांत सामन्यातल्या दुखापती ७२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या ५९ टक्क्यांनी कमी. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या हौशी क्लबांमध्येही, ज्या टाळायला कार्यक्रम आखला त्या पायाच्या दुखापती ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या ६० टक्क्यांनी कमी निघाल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत याहून चांगलं मला माहीत नाही.

अडचण संशोधनात नसलेली : साडेसहाचा सराव आणि विरारची गाडी. वॉर्म-अपची वीस मिनिटं संपता संपता अर्धी टीम पोचते आणि तशीच थेट पळायला लागते. सरांशी बोलून क्रम बदलला. आधी चेंडू हाताळणं, पासिंग, चालता चालता. सगळे आले की ॲक्टिव्हेट, मग कॉन्टॅक्ट, म्हणजे अंगाला अंग भिडणारा सराव. ॲक्टिव्हेट चुकलं त्याला त्या दिवशी टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) नाही. उशिरा येणाऱ्यांची संख्या तेवढ्याने घटली नाही, पण निदान गार अंगाने कोणी कोणाला भिडत नाही.

१९ जून, गुरुवार

या आठवड्यात निम्म्या पोरांचं लक्ष अंधेरीत. शहाजीराजे क्रीडासंकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग सुरू आहे, २९ पर्यंत. परदेशी खेळाडूंचे टॅकल फोनवर हळू करून बघतात. बघू देत.

मी हिशेब केला. दुखापतींचं प्रमाण १००० खेळाडू-तासांमागे सांगतात. पंधरा जणांचा संघ ८० मिनिटं खेळला म्हणजे २० खेळाडू-तास. व्यावसायिक पुरुषांच्या रग्बीत सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा २०१३ साली सामन्यात हजार तासांमागे ८१ आणि सरावात ३ दुखापती निघाल्या. हौशी खेळाडूंवरचा तसाच आढावा २०१८ चा, त्यात सामन्याचा आकडा ४७ च्या आसपास. म्हणजे आमच्यासारख्या संघात दर सामन्याला साधारण एक. सरावात? तीस जण, दीड तास, आठवड्यातून दोनदा, एकूण ९० तास. हजाराला ३ या दराने जवळजवळ चार आठवड्यांत एक.

यातून दोन गोष्टी कळतात. सामना सरावाच्या कितीतरी पट धोक्याचा, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी कमी बोलली जाते : एका संघाच्या एका मोसमात दुखापती इतक्या थोड्या होतात, की अमुक इतका भार झाला की माणूस मोडतो असं काही त्यातून सिद्ध होत नाही. हे शीट शास्त्रीय शोध लावायला नाही. कोणाशी या आठवड्यात बोलायचं ते मला कळावं, यासाठी आहे.

२४ जून, मंगळवार

आज टॅकलवरच वेळ गेला. जगभरच्या नोंदींत सामन्यातल्या साधारण निम्म्या दुखापती टॅकलमध्ये होतात, करणाऱ्याला किंवा झेलणाऱ्याला. आमच्याकडे त्याला एक इथली जोड आहे. नव्या पोरांपैकी बरेच कबड्डीतून आलेत. घोटा पकडण्यात ही मुलं पटाईत, घाबरत नाहीत, खाली जातात. पण कबड्डीत चढाई करणारा आपल्या रेषेकडे परत फिरत असतो, आणि त्याला अडवायला समोर आडवं पडलं तरी चालतं. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात तुमच्याच अंगावर येतो. तिथे डोकं त्याच्या पुढ्यात गेलं की गुडघा थेट कानशिलावर. डोकं त्याच्या मागच्या बाजूला, खांदा मांडीवर, मान ताठ, डोळे उघडे. सर हे ओरडून सांगतात, मी व्हिडिओ काढून दाखवते. पोरांना स्वतःचं डोकं कुठे जातं ते पडद्यावर बघेपर्यंत पटत नाही.

वर्ल्ड रग्बीने २०२१ मध्ये सरावासाठी मर्यादा सुचवल्या : पूर्ण ताकदीचा कॉन्टॅक्ट आठवड्याला १५ मिनिटं, तोही दोन दिवसांत विभागून, आटोक्यातला ४० मिनिटं, स्क्रम (दोन्हीकडची पुढची फळी वाकून एकमेकांना ढकलते) आणि लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू रांगेतून उंच झेलणं) यांसारख्या गोष्टींना ३०. सरांना हे दाखवलं. ते म्हणाले, ‘आमच्या पोरांना पंधरा मिनिटं पूर्ण कॉन्टॅक्ट मिळतो कुठे? कमीच पडतो.’ मला त्यांचं बरोबर वाटतं. ती मर्यादा टॅकल येणाऱ्यांसाठी आखलेली आहे. नवख्याला तो शिकवायलाच हवा, पण निम्म्या वेगाने, गुडघ्यावर बसून, पॅडवर, पुन्हा पुन्हा. पूर्ण ताकदीची पंधरा मिनिटं आम्ही घड्याळ लावून ठेवली. आटोक्यातल्या कॉन्टॅक्टला मात्र मी हात लावला नाही.

६ जुलै, रविवार

पहिला मोठा सामना. आषाढी एकादशी, त्यात मैदानभर चिखल. हाफटाइमला साबुदाणा वड्यांचा डबा कोणीतरी आणलेला, उपास नसलेल्यांनीच संपवला.

ओला चेंडू हातातून निसटतो, निसटला की स्क्रम. आज इतके स्क्रम झाले की मागची पोरं थंडीने कुडकुडत होती आणि पुढचे तिघे वाकून धापा टाकत होते. सामना तोच, मिनिटं तीच. कडेने पळणाऱ्या विंगरने ४ दिला, लूजहेड (डावीकडच्या) प्रॉपने ९. गुणाकार ३२० आणि ७२०. पावसाचा भार पुढच्या फळीवर पडतो हे सांगायला शीट लागत नाही, पण मंगळवारी प्रॉपला हलका सराव द्यायला ते उपयोगी पडतं.

वेळ गेलेली दुखापत एक : फ्लँकरचा (स्क्रमच्या कडेला असणाऱ्याचा) घोटा, रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या झटापटीत, वरून माणूस पडला. बूट चिखलात रुतलेला, पाय फिरला नाही.

८ जुलै, मंगळवार

खरचटलेले गुडघे आणि कोपर मोजायचे सोडून दिले. पण मुंबईच्या चिखलात खरचटणं हलकं घेऊन चालत नाही, लेप्टोची भीती असते. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेत शिरतात. सामन्याच्या दिवशी आता साबण, पाण्याचे कॅन आणि जखम झाकायच्या पट्ट्या. मैदानात पाणी साचलेलं असेल आणि अंगावर जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवून डॉक्सिसायक्लिनचं विचारायचं. पालिका दर पावसाळ्यात सांगते तेच. ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत घरी बसायचं नाही.

१० जुलै, गुरुवार

आज गुरुपौर्णिमा. सराव संपायच्या आतच पाच-सहा जणांची चुळबुळ सुरू. विचारल्यावर कळलं, आजपासून दहीहंडीचा सराव. नारळ फुटणार, पहिले थर लागणार.

हे मला माहीत असायला हवं असं नाही, पण शीटला माहीत असायला हवं. आमचे हूकर (दोन प्रॉपच्या मधला), दोन प्रॉप आणि आठ नंबर (स्क्रममध्ये सगळ्यात मागे असणारा) आपापल्या पथकांत खालच्या थराला. खालचा थर म्हणजे काय? हात एकमेकांच्या खांद्यांवर, मान पुढे, पाठ ताठ आणि वर माणसं. मान, खांदा, कंबर : स्क्रममध्ये लागतं तेच सगळं, त्याच पद्धतीने. रात्री नऊला सुरू, अकरा कधी वाजतात कळत नाही. शीटमध्ये नवा रकाना : ‘बाकीचं’.

१५ जुलै, मंगळवार

‘बाकीचं’ भरून आलं आणि आठवड्याचं चित्र पालटलं. आठ नंबरचे रग्बीचे दोन सराव, प्रत्येकी ५४०, मिळून १०८०. हंडीच्या तीन रात्री, दोन-दोन तास, आकडा ७ : प्रत्येकी ८४०, मिळून २५२०. त्याच्या आठवड्यात रग्बी हा छोटा भाग आहे. मी मात्र जूनभर त्याचा भार ‘स्थिर’ असल्याचं वाचत होते.

गोदामातल्या प्रॉपचं तसंच, फक्त त्याला सण नाही. आज सराव मुद्दाम हलका ठेवला होता, सगळ्यांचे आकडे ३-४. त्याचा ८. फोन केला. सेल लागलाय, डबल शिफ्ट, दिवसभर खोके उचलून तो कल्याणमार्गे उभ्याने आलेला. सरावाने त्याला दमवलं नव्हतं, तो दमूनच आला होता. ‘मग आलास कशाला?’ तर म्हणाला, ‘ताई, दिवसातला हाच तर एक तास माझा असतो.’

यावर कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत उत्तर नाही. सरांना सांगून त्याच्यापुरतं ठरवलं : डबल शिफ्टच्या दिवशी यायचं, पासिंग आणि लाइनआउट करायचं, स्क्रम मशीनला हात लावायचा नाही.

२० जुलै, रविवार

साठाव्या मिनिटाच्या आसपास आमच्या आतल्या सेंटरचं डोकं टॅकलमध्ये समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. उठला, दोन पावलं चालला आणि चुकीच्या ओळीत जाऊन उभा राहिला. मी आत गेले. ठरलेले प्रश्न : आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा हाफ? शेवटचे गुण कोणाचे? मागच्या वेळी कोणाशी खेळलो? तो सामना जिंकलो का? मैदान सांगितलं, हाफ चुकला, गुण आठवले नाहीत. प्रश्नांची गरज नव्हती खरं तर, चुकीच्या ओळीत उभं राहणंच पुरेसं होतं. बाहेर.

‘एकदम ओके आहे मी’ हे तो पुढची वीस मिनिटं सांगत होता. बेंचवरच्या दोघांनीही त्याची बाजू घेतली. मोठ्या स्पर्धांत यासाठी वेगळे डॉक्टर, व्हिडिओ आणि २०२४ पासून धक्का मोजणारे माउथगार्ड असतात. हौशी खेळात नियम सोपा आणि म्हणूनच कडक आहे : शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही. आणि आमचे गरम पाण्यात बुडवून चावायचे माउथगार्ड दात वाचवतात. मेंदू वाचवत नाहीत.

संध्याकाळी त्याच्या घरी फोन. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून न उठणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. ब्रिटनमधल्या हौशी खेळांचा नियम आम्ही पाळतो : सामन्यात परतायला किमान २१ दिवस, आणि डोक्याला मार लागू शकेल असा सराव करण्याआधी सलग १४ दिवस काहीही लक्षण नको. म्हणजे १० ऑगस्टच्या आधी नाहीच.

पोरांच्या ग्रुपवर मी स्टीव्ह थॉम्पसनबद्दल लिहिलं. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा हूकर. डिसेंबर २०२० मध्ये त्याने जाहीर केलं की त्याला ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश झालाय आणि तो अंतिम सामना खेळल्याचं आठवत नाही. ग्रुपवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग हूकरने विचारलं, ‘त्याचा नंबर पण दोनच ना?’

२९ जुलै, मंगळवार

सरांच्या एका मित्राने त्यांना ‘रेशो’ सांगितलाय. चालू आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. ०.८ ते १.३ मध्ये राहिलं तर ठीक, दीडच्या वर धोका. ऑस्ट्रेलियातले टिम गॅबेट यांनी २०१६ च्या लेखात मांडलेली ही कल्पना जगभर पसरली. त्यातला मूळ विचार मला आवडतो : भरपूर सराव माणसाला मोडत नाही, अचानक वाढलेला मोडतो. कमी सरावाने जपलेला खेळाडूच सामन्यात आधी मोडतो.

आकड्याबद्दल मात्र माझी शंका आहे, आणि ती माझी एकटीची नाही. चालू आठवडा वरही आहे आणि खालच्या सरासरीतही आहे. त्यामुळे गणितातच गंमत होते. तीन आठवडे काहीच न केलेला माणूस चौथ्या आठवड्यात काहीही करो, रेशो बरोबर ४ येतो. दहा मिनिटं चालला तरी ४, अख्खा सामना खेळला तरी ४. असल्या कारणांवरून २०१७ नंतर संख्याशास्त्रज्ञांनी यावर बरीच टीका केली, आणि २०२० मध्ये इम्पेलिझेरी व सहकाऱ्यांनी तर कल्पनेच्या पायावरच बोट ठेवलं.

मला त्यापेक्षा इंग्लंडच्या प्रीमियरशिपमधल्या चार संघांच्या १७३ खेळाडूंचा अभ्यास जवळचा वाटतो. त्यात रेशो नव्हे, साधा आठवड्याचा भार आणि आठवड्या-आठवड्यातला फरक पाहिला. भार सुमारे १२४५ ने जास्त असला की दुखापतीची शक्यता दीडपटीहून अधिक; एका आठवड्यातून दुसऱ्यात सुमारे १०७० ची उडी असेल तरी जवळपास तेवढीच. आमच्या आठ नंबरने गुरुपौर्णिमेच्या आठवड्यात २५२० ची उडी मारली. ते आकडे पगारी खेळाडूंचे, इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत हे मान्य. तरी तो मोडला नाही, याचं मला आश्चर्य वाटत राहतं. कदाचित लहानपणापासून दर वर्षी हेच करत असल्यामुळे. शरीराला मोसम पाठ असतो, माझ्या शीटला नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शनिवारी हंडी. आठ नंबरच्या ‘दुखतंय पण खेळतोय’मध्ये सलग तिसऱ्या आठवड्यात मान. हूकरचा उजवा खांदा. सर चिडलेत : ‘एक तर हंडी नाहीतर रग्बी.’ मी त्यांना सांगितलं, असं विचारलंत तर उत्तर तुम्हाला आवडणार नाही. हंडी त्यांच्या वाडीची आहे, आपण बाहेरचे. शेवटी हा आठवडा रग्बीचाच हलका केला. स्क्रम नाही, फक्त धावणं आणि पासिंग. खांदे त्यांच्याकडे उधार दिले असं समजायचं.

एक गोष्ट मात्र खटकते. गोविंदांचा विमा सरकार उतरवतं. हाच मुलगा शनिवारी खालच्या थराला उभा असेल तेव्हा विम्यात, आणि पुढच्या शनिवारी स्क्रममध्ये वाकेल तेव्हा नाही. कॅप्टनने गटविम्याचे दर मागवले आहेत.

सेंटर चौदा दिवस लक्षणाशिवाय आहे, हळूहळू परत येतोय. त्याने विचारलं, ‘हंडीला चढलं तर?’ मी नाही म्हटलं. तळाला उभा राहिलो तर? तळावरच तर वरची माणसं कोसळतात. त्याच्या पथकाच्या प्रशिक्षकांशी बोलले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि ‘यंदा हा पाणी वाटेल’ म्हणून विषय संपवला. तीन आठवडे मी रग्बीवाल्यांशी एवढी हुज्जत घातली, इथे दोन मिनिटांत झालं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सराव रद्द. कालपासून मुंबई पाण्यात, गाड्या बंद, शाळांना सुट्टी. हंडीहून सगळे धड परतले. हूकरचा खांदा मात्र हात वर नेला की ओरडतो. तपासलं, निखळलेला नाही, पण हा आठवडा गेला. रकाना ‘वेळ गेली’. कारणाच्या जागी ‘हंडी’ लिहिलं. सरांनी शीट पाहायचं नाही ठरलंय ते बरं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. सरावाला निम्मी माणसं. बाकीची कोकणात निघाली, कोणी सावंतवाडीला, कोणी गुहागरकडे. मुंबईत राहिलेल्यांतले दोघे ढोलपथकात, कमरेला ढोल बांधून तासन् तास. त्यांच्यासाठी ‘बाकीचं’ चालूच.

कोकणात जाणाऱ्यांना मी एका कागदावर चार व्यायाम दिले, त्यात नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. गुडघ्यावर बसायचं, मागून कोणीतरी घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. विंगरने विचारलं, घोटे कोण धरणार? भाऊ आहे ना. ‘भाऊ मोदक खाण्यात असेल.’

९ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी शनिवारी झाली, आज सगळे परत. दोन किलो वाढलेला फुलबॅक (सगळ्यात मागे खेळणारा) स्वतःहून वजन सांगतो, हा यंदाचा फायदा म्हणायचा.

येत्या रविवारी सामना आहे. माझ्या मते हाच मोसमाचा सगळ्यात धोक्याचा आठवडा, हंडीच्या आठवड्यापेक्षाही. तिथे भार जास्त होता पण अंगवळणी पडलेला. इथे दोन आठवडे शून्य आणि मग एकदम ८० मिनिटं. फुलबॅकचे आकडे मांडले : १२००, ०, ०, आणि या आठवड्यात सामना धरून पुन्हा १२००. सरासरी ६००, रेशो २. सरांना रेशो पटतो, म्हणून मी आज रेशोच दाखवला. इथे तो आणि अक्कल एकच सांगतात, मग भांडायचं कशाला?

ठरलं : कोकणातून आलेले अर्धाच सामना खेळतील, दुसऱ्या हाफला बदली. मुंबईत राहिलेले सुरुवातीपासून.

१४ सप्टेंबर, रविवार

हरलो. अर्ध्या वेळेला चांगले सात जण बाहेर काढले की हरणारच, असं दोघांनी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. विंगरची हॅमस्ट्रिंग धरली, पस्तिसाव्या मिनिटाला, म्हणजे बदलीच्या पाच मिनिटं आधी. भावाने घोटे धरले नव्हते. बाकी सगळे चालत घरी गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

मोसम संपला. शीट पुढच्या वर्षी कसं असावं ते सरांबरोबर बसून ठरवलं.

‘वेळ गेली’मध्ये जवळजवळ सगळं सामन्यातलं, आणि त्यातलं बहुतेक टॅकल आणि रकमधलं. ‘दुखतंय पण खेळतोय’ मात्र वेगळीच यादी दाखवतं : मान, कंबर, खांदा. तिची चढउतार सामन्यांबरोबर नाही, हंडी आणि शिफ्टबरोबर जाते. रकाने कमी करतोय. मिनिटं, जड किती गेलं, ‘बाकीचं’, कुठे दुखतंय, झोप. रेशो मी काढून टाकत होते, सरांनी राहू दे म्हटलं. राहू दे, मी त्याकडे बघणार नाही. ‘डोकं’ हा रकाना स्वतंत्र, तो भरलेला असला की त्या माणसाचं नाव संघनिवडीच्या यादीतून आपोआप उडेल. तो मात्र सर आणि कॅप्टन दोघांनाही दिसेल, यावर पोरांचीही हरकत नाही.

ऑक्टोबरात मैदान सुकतं, चिखलातले खड्डे तसेच दगडासारखे होतात, आणि नेमकं तेव्हाच सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, स्पर्धा. इथे आमचं गणित अपुरं पडतं. दिवसात तीन सामने, प्रत्येकी १४ मिनिटं, आकडा ९ : मिळून ३७८. एका मध्यम सरावाचा, ९० मिनिटं आणि आकडा ५, भार ४५०. कागदावर सेव्हन्सचा दिवस हलका. पण ती ४२ मिनिटं जवळजवळ सगळी पूर्ण वेगाची, आणि सेव्हन्समध्ये सामन्यातल्या दुखापतींचं प्रमाण पंधरांच्या खेळापेक्षा कमी नाही, उलट अभ्यासांत ते हजार तासांमागे शंभराच्या वर गेलेलं आहे. त्यासाठी वेगळा हिशेब लागेल. तूर्तास असं : बाजूला एकजण कागद घेऊन पूर्ण वेगाच्या धावा मोजेल, दोन सामन्यांमध्ये सावलीची जागा आधी धरून ठेवायची, आणि हॅमस्ट्रिंगवाला विंगर जाणार नाही. त्याला अजून कळवलेलं नाही. मंगळवारी सांगेन.